जिकडं अचलपूर, तिकडं वलगाव

सुदाम गेल्याचं मला त्याच्या धाकट्या भावानं सांगितलं. वलगावहून सायकल मारत तो अमरावतीला राजापेठेतल्या आमच्या घरी आला, ओट्यावर टेकला, पाणी प्याला आणि म्हणाला, "दादा गेला. काल, अकोल्याले." मी त्याच्यावरच चिडलो. चाळिशीही न गाठलेला माणूस, कावीळ होते काय आणि जातो काय... त्याला महिना होऊन गेला, तरी माझा राग पुरता गेलेला नाही. सुदामशी भांडायची मला वर्षानुवर्षांची सवय. आता ती भांडणं कोणाकडे न्यायची, ते समजत नाही.

आमची ओळख वक्तृत्व मंडळातली. तेव्हा आमच्या भागात गावोगावी तरुणांची अशी मंडळं होती. आठवड्यातून एकदा जमायचं, चिठ्ठी उचलायची, निघेल त्या विषयावर बोलायचं आणि घंटी वाजली की बसायचं. सुदाम घंटी वाजल्यावर कधीच बसला नाही. "घंटी तुमाले ऐकू आली, माया मुद्द्याले आली नाही," म्हणायचा. या मंडळांचे दोन गट होते, एक अमरावतीचा, एक अकोल्याचा. गटातल्या प्रत्येक मंडळानं आपल्या पाळीला बाकीच्यांना गावी बोलवायचं, दिवसभर भाषणं करायची आणि दुपारी पाहुण्या वक्त्यांना आपापल्या घरी जेवायला न्यायचं, असा रिवाज. पाहुण्यानं डबा बांधून आणणं म्हणजे यजमान गावाचा अपमान. मी अमरावती गटाचा चिटणीस होतो आणि या रिवाजाचं मला भारी कौतुक होतं.

वलगावच्या मंडळाचा सगळा उद्योग सुदामचा. त्यांच्या वस्तीनं बुद्धधम्म स्वीकारला, त्यानंतर लवकरच त्यानं ते काढलं. मंडळ गटात आलं तेव्हा टाळ्या वाजल्या. अचलपूरचे नानासाहेब, निवृत्त शिक्षक, काळी टोपी, खणखणीत आवाज, त्यांनी तर त्या दिवशी मानवतेवर असं भाषण केलं की मागच्या बाकावरचेही गप्प झाले. मग वलगावची पाळी जवळ आली आणि अचलपूर मंडळाचा अर्ज आला : प्रवासाच्या सोयीसाठी आम्हाला अकोला गटात घालावं. राज्यांची पुनर्रचना नुकतीच होऊन गेलेली, त्यामुळे गटांची पुनर्रचना हा शब्दही सगळ्यांच्या तोंडी लगेच बसला. अर्जात वावगं काही नव्हतं. फक्त अचलपूरहून अमरावती जवळ, अकोला लांब आणि अमरावतीची एसटी वलगाववरूनच जाते, एवढीच काय ती अडचण. पाठोपाठ आणखी दोन मंडळांना अकोला सोयीचं वाटू लागलं.

मी तणतणत वलगावला गेलो. म्हटलं, गटच मोडून टाकू. सुदाम बाजेवर बसून शेंगा फोडत होता. त्यानं मूठभर माझ्या हातावर ठेवल्या. "गट मोडला म्हणून माया घरी जेवाले कोण येईन?" तो म्हणाला. "मले भांडण जिंकाचं नाही रे, चिटणीस. मले हे लोक माया मायच्या हातचं जेवलेले पाह्यजेत." इतकं हळू बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

पुनर्रचनेची बैठक अकोल्याला भरली. अध्यक्ष तिथलेच एक वकील, गमत्या माणूस. कोणीतरी तोडगा सुचवला : वलगावनं आपला दिवस राजापेठेतल्या सभागृहात घ्यावा, जेवण खानावळीतून मागवावं, म्हणजे कोणालाच गट सोडायला नको. माना डोलू लागल्या. तेव्हा सुदाम उठला. "अध्यक्ष महाराज, अचलपूरवाल्यायले अकोला सोयीचं पडते, हे मले पटलं. त्यायची गाडी आमच्याच गावावरून जाते. मंग आमालेही अकोलाच सोयीचं पडन ना? आमालेही तिकडंच घाला. जिकडं अचलपूर, तिकडं वलगाव. एकाच गाडीत बसून येत जाऊ." वकीलसाहेब आधी हसले, मग सगळेच हसले. नानासाहेब टोपी काढून पुसत बसले. शेवटी वकिलांनी निर्णय दिला : एका रस्त्यावरची मंडळं एका गटात. अचलपूर आणि वलगाव दोन्ही अमरावती गटातच, आणि नव्या रचनेतला पहिला दिवस वलगावला.

निर्णय झाला, पण जेवायला बसवणं काही अध्यक्षांच्या हातात नव्हतं. त्या दिवशी भाषणं उत्तम झाली. दुपार झाली, पाहुणे उठले, सुदाम दारात उभा राहिला आणि नानासाहेब म्हणाले, "सुदामराव, माझा आज उपवास आहे हो." कसला उपवास, ते कोणी विचारलं नाही. त्यांच्या शेजारच्या दोघांनाही मग आपापले उपवास आठवले. माझं डोकं तडकलं, पण सुदामनं माझा हात दाबला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "मले वाटलंच होतं. मायनं भगर अन् शेंगदाण्याची आमटी बी करून ठेवली. चाला." आतून त्याची आई कोणाला तरी म्हणाली, "धम्म घेतला, उपास सोडले तवा वाटलं, भगरीची कटकट गेली. आता दुसऱ्यायच्या उपासाचं रांधून राहिली."

दोघांपैकी एकाला एसटीची घाई झाली, तो गेला. दुसरा नानासाहेबांच्या तोंडाकडे पाहत राहिला. नानासाहेब बसले. पहिला घास उचलायला त्यांना फार वेळ लागला. पण उचलला, आणि मग दुसराही. सुदाम चौकटीला टेकून उभा होता. मला भरून आलं, म्हणून मी विनाकारण आणखी एक भाकरी मागितली. नानासाहेब त्या दिवसापासून बदलले, असं मी म्हणणार नाही. पण अचलपूर आमच्या गटात राहिलं आणि वलगावची पाळी पुन्हा आली तेव्हा कोणाचा उपवास नव्हता.

पुढे सुदामला अकोल्याला सरकारी नोकरी लागली, लग्न झालं, मंडळं आम्हा दोघांच्याही हातून सुटली. परवा त्याच्या घरी गेलो. सुलोचनावहिनी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. समोर मांडणीवर पितळी ताटांची लांब रांग. लग्नाच्या पहिल्याच वर्षी सुदामनं ती घेतली होती. दोघांच्या संसाराला एवढी ताटं कशाला, म्हणून मी तेव्हा त्याची टर उडवली होती. तो म्हणाला होता, "वलगावले त्या दिवशी पत्रावळी होत्या. पत्रावळ काय, जेवला अन् फेकली. ताट घासून परत मांडा लागते. आज ज्यात तू जेवला, त्यात उद्या मी जेवन." मग काय, घरी येईल त्याला जेवल्याशिवाय सोडायचंच नाही, असा त्याचा खाक्या. तिऱ्हाईत आला तरी ताट मांडलं जाई.

"आता कोण येते एवढं?" वहिनी ताटांकडे पाहत म्हणाल्या. "मोडीत देऊन टाकावं म्हणते."

मी उठलो, एक ताट काढलं आणि म्हणालो, "वाढा, वहिनी." त्यांनी पीठ मळायला घेतलं. सुदाम गेल्यापासून त्या धड जेवत नाहीत, हे मला त्याच्या भावानं सांगितलं होतं. भाकरी झाल्यावर मी मांडणीवरून दुसरं ताट काढून त्यांच्यासमोर ठेवलं.

"तुमचं होऊ द्या आधी," त्या म्हणाल्या. "तुमी पाहुणे."

"तुमी बसल्याशिवाय मी जेवत नाही," मी म्हणालो. त्यांनी पदरानं ते ताट पुसलं आणि त्यात स्वतःसाठी अर्धी भाकरी वाढून घेतली.