निकाल लागेपर्यंत

निवृत्त हवालदाराचा फुफ्फुसाच्या अपंगत्वाचा दावा चार वर्षं लोंबकळत पडला होता. निकाल लागेपर्यंत लष्करी दवाखान्यातलं औषध चालू ठेवायचं, तर दर महिन्याला स्वतः येऊन वहीत सही ठोकायची, असा तिथला खाक्या. माणूस मरेना का, सही हवी! त्याच्याच तुकडीतला ड्रायव्हरही दारूगोळ्याच्या त्याच धुराने खंगलेला, त्याचाही दावा तसाच अडकलेला. तो सकाळी लवकर येऊन दोघांचे नंबर लावून ठेवायचा. मागच्याच महिन्यात तो हवालदाराच्या डोळ्यांदेखत गेला.

आज हवालदार एकटाच धापा टाकत खिडकीशी पोचला. वहीत ड्रायव्हरच्या नावापुढे आजची सही होती. तीच डावीकडे कललेली अक्षरं, शाई अजून ओली.

"अहो, हा माणूस वारलाय!" हवालदार खेकसला. "सही कोणी केली?"

"त्यांनीच की," कारकून मान वर न करता म्हणाला. "निकाल कुठे लागलाय त्यांचा? यावंच लागतं."

हवालदार मागे वळणार, तोच कारकुनाने नंबराचा एक बिल्ला पुढे सरकवला.

"हा तुमचा. ते नंबर लावून गेलेत. म्हणाले, दम लागतो त्याला, पण मागोमाग येतोच आहे."