तात्यांना ऐकू जाईल असा सायलेन्सर

मी गाडीचा सायलेन्सर बदलला तेव्हा माझं वय बेचाळीस होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर जो भेटला त्यानं पहिल्यांदा वयच काढलं. ज्या वयात माणसं चष्म्याचा नंबर वाढला का बघायला जातात, त्या वयात मी सांगलीत एका दुकानात उभा राहून विचारत होतो, की सगळ्यात मोठा आवाज कुठल्या सायलेन्सरचा. दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मुलासाठी पाहिजे का म्हणाला. नाही, मलाच, म्हटलं. 

खरं कारण सांगायची सोय नव्हती. मला आवाज पाहिजे होता तो वडिलांसाठी.

मी कुपवाडला एका लहान कारखान्यात फिटर. गाव कृष्णाकाठी, गाडीनं पाऊण तास. डांबरी रस्ता सोडला की शेवटची दीड-दोन किलोमीटरची वाट उसातनं जाते. एकच गाडी जाईल एवढी वाट, त्यात तीन वळणं, आणि ऊस डोक्याच्या वर गेला की वळणापलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही. त्याच वाटेनं आमचे तात्या रोज दिवस कलताना म्हस घेऊन रानातनं घरी यायचे. माझी फर्स्ट शिफ्ट असली की आमची वेळ नेमकी एकच.

तात्या तोफखान्यात होते. हवालदार म्हणून रिटायर झाले, गावात आल्यावर सगळ्यांचे मेजर झाले. तोफांनी त्यांचे कान नेले हे अख्ख्या गावाला माहीत होतं, एक तात्या सोडून. आई विचारायची भाजी कुठली करू, तर तात्या म्हणायचे, हां. टीव्ही लावला की शेजारचे आपला टीव्ही बंद करून आमचाच ऐकायचे. तीन-चार वर्षांमागं मी त्यांना कसंबसं मिरजेला नेऊन कान तपासले, मशीन आणलं. दोन दिवस घातलं. कानात शिट्टी वाजते म्हणून काढलं आणि पदकांच्या डब्यात ठेवून दिलं. पुन्हा विषय काढला की एकच उत्तर, की मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता.

एवढं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण एके दिवशी मधल्या वळणावर मी हॉर्न देत आलो आणि समोर वाटेच्या मधोमध तात्यांची पाठ. एकटेच चालले होते. म्हस व्याली होती म्हणून गोठ्यातच होती. मी हॉर्नवरचा अंगठा काढला नाही, आणि त्यांनी मान वळवली नाही. ब्रेक दाबला, मागचं चाक सरकलं, गाडीसकट उसात गेलो. उसाचं पान गालावर फाटकन लागलं. चिखलातनं उठून उभा राहिलो तेव्हा कुठं तात्यांनी सहज म्हणून मागं बघितलं आणि म्हणाले, हळू चालवावं जरा, पोराबाळांचा बाप झालास.

मी घरी कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? आपल्या बापाला आपणच उडवणार होतो म्हणून? पण त्या दिवसापासून झोपेत पाय झाडायला लागलो, ब्रेक दाबल्यासारखे. कारखान्यात दुपारचे तीन वाजत आले की सारखा घड्याळाकडं बघायचो. आता सुटायचं, आता त्या वाटेनं जायचं. माझ्याशिवाय उसाचे ट्रॅक्टर होते, दोन-दोन ट्रॉल्या लावून गाणी लावून जाणारे. त्यांचा विचार आला की हातातला पाना तसाच राहायचा.

त्यात आणखी एक कोडं होतं. तात्यांचं वागणं एकसारखं नव्हतं. कधी मी वळणाच्या अलीकडंच असलो, हॉर्नसुद्धा दिला नसला, तरी वळण घेऊन बघावं तर ते आपले म्हशीला घेऊन कडेला उभे. आणि कधी चावडीसमोर मी मागून घसा फोडून हाका मारल्या तरी सरळ पुढं. मला वाटायचं म्हातारा मुद्दाम करतो. बायको म्हणायची, ऐकू येतं हो थोडं थोडं, तुम्हीच धसका घेतलाय. ऐकू येतं का येत नाही, एवढं एकच मला कळायला पाहिजे होतं आणि तेच कळत नव्हतं.

मग एका रविवारी तात्या गोठ्यात म्हशीजवळ पाठमोरे उभे होते आणि रस्त्यानं गावातला एक जण फटाफट आवाज करणारी बुलेट घेऊन गेला. मला ती दिसायच्या आधी तात्यांनी मान वळवली आणि त्याला एक शिवी घातली. मी जागच्या जागी उभा राहिलो. अरे, हे ऐकू आलं! म्हणजे कान पुरते गेले नाहीत, फक्त आवाज मोठा पाहिजे. इतका सोपा उपाय आणि मी इतके दिवस जीव जाळत बसलो होतो. दुसऱ्या दिवशीच मी सांगलीतल्या त्या दुकानात होतो.

सायलेन्सर मी कारखान्यातच बसवला, शिफ्ट सुटायच्या आधी दोन तासांची सुट्टी मागून. माझी गाडी अकरा वर्षं जुनी, साधी. इंजिनाच्या तोंडाशी सायलेन्सर दोन नटांनी धरलेला असतो आणि ते नट उष्णतेनं आणि गंजानं असे धरून बसतात की जोर केला तर नट येत नाही, तो ज्या दांडीवर बसतो तो स्टडच तुटून येतो. तो तुटला की झालं, इंजिनच खोलायचं. दिवसभर लोकांची मशीनं दुरुस्त करणारा मी, माझ्याच गाडीचे दोन नट सोडायच्या आधी देवाचं नाव घेतलं. गंज सोडवायचं तेल मारलं, वाट बघितली, पाना लावला, अर्धा आटा मागं, पाव आटा पुढं, असं करत दोन्ही काढले. सांध्यातल्या जुन्या रिंगचे तुकडे खरवडले, नवी रिंग बसवली, नवा नळा लावला. मागचा क्लॅम्प जुळेना म्हणून पट्टी कापून भोक पाडून घेतलं. आवाज कमी करायची एक जाळी तोंडाशी स्क्रूनं बसवलेली होती. ती पण काढून टाकली. थोडक्यासाठी कशाला कसर ठेवायची.

किक मारली आणि पत्र्यावरची धूळ खाली आली. पलीकडच्या लेथवरचे दोघं शिट्ट्या मारत आले. एकानं विचारलं, वहिनींना मागं बसवून महाबळेश्वरला निघालायस काय. मी हसलो. जुना सायलेन्सर पोत्यात गुंडाळून माझ्या टेबलाखाली सरकवला.

आता घरी जायचं. असला सायलेन्सर पोलिसांनी पकडला तर काढून घेतात आणि रोडरोलरखाली घालतात, हे पेपरात फोटोसकट बघितलेलं. चौकात मामा उभे दिसले तशी मी गाडी बंद केली आणि ढकलायला लागलो. मामांनी विचारलं, पेट्रोल संपलं काय? मी व्हय साहेब म्हटलं. त्यांनी पुढचा पंप कुठं आहे ते मायेनं सांगितलं. बेचाळीस वर्षांचा माणूस, दंडाच्या भीतीनं भरल्या टाकीची गाडी ढकलतोय. स्वतःचीच लाज वाटली. पण मनात एकच होतं, आज तात्या वळून बघणार.

डांबरी सोडून उसात शिरलो. मुद्दाम दुसऱ्याच गिअरमध्ये ठेवली, जरा रेस केली. दोन्हीकडच्या उसातनं आवाज परत अंगावर येत होता. पहिलं वळण गेलं. मधलं वळण घेतलं आणि तात्या दिसले, बरेच लांब, पाठमोरे. शेजारी म्हस. तिचं दावं त्यांनी नेहमीसारखं डाव्या हाताला तीन वेढे देऊन गुंडाळलेलं. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि एकदा जोरात रेस दिली. बघा आता, तात्या.

तात्यांनी बघितलं नाही. म्हशीनं ऐकलं. तिचे दोन्ही कान ताठ झाले, मान झटकली आणि ती उधळली. दावं हाताला गुंडाळलेलं. तात्या पहिल्या हिसक्यालाच पालथे पडले आणि फरफटत निघाले. माझ्या डोळ्यांसमोर म्हस, तिच्यामागं दावं आणि दाव्याला माझा बाप. मी गाडी टाकून दिली. पडली तरी ती भडभड करतच होती आणि त्या आवाजानं म्हस आणखी पळत होती. मागं जाऊन चावी फिरवायची का पुढं पळायचं, हे मला कळेना. मी मागं पळालो, गाडी बंद केली, पुन्हा पुढं पळालो. म्हस पाटाच्या कडेला थांबली होती, थरथरत. तात्या बसले होते. टोपी नव्हती, गुडघे फुटलेले. डाव्या तळहाताची साल दाव्यानं सोलून नेलेली.

मी काय काय बोलत होतो मला माहीत नाही. रडत होतो हे आठवतं. चुकलं माझं, तुम्हाला ऐकू जावं म्हणून बसवला होता, असं काहीतरी. तात्या माझ्या तोंडाकडं बघत होते. मग त्यांनी लांब पडलेली गाडी बघितली, तिचा तो नवा चकचकीत नळा बघितला, आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं.

"दोन वर्सं झाली," ते म्हणाले. "काय बी ऐकू येत न्हाई मला. हिचं कान बघून चालतो मी. मागनं काय आलं की ही कान मागं टाकती, मग मी कडंला व्हतो."

मी वाटेवर पडलेली त्यांची टोपी उचलून आणली. बोलून उपयोगही नव्हता.

"हिला रस्त्याचं भ्या घातलंस," तात्या म्हणाले. "आता मी कुणाच्या कानानं ऐकू रं?"

त्यांनी ते रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

तात्या दुकानाला जाताना म्हस न्यायचे. दाढीला जाताना म्हस झाडाला बांधून न्हाव्यासमोर बसायचे. गाव हसायचं, मेजरला एस्कॉर्ट लागतो म्हणायचं, आणि त्यात मीही हसलो होतो. वळणाच्या अलीकडं असताना ते बाजूला व्हायचे तेव्हा म्हस बरोबर होती. चावडीसमोर मी हाका मारल्या तेव्हा आणि उसात मी त्यांना उडवणार होतो तेव्हा म्हस गोठ्यात होती. बुलेट गेली त्या रविवारी त्यांनी म्हशीकडं बघून मान वळवली होती. सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं आणि मी सायलेन्सर शोधत फिरलो.

दुसऱ्या दिवशी कामाला लागायच्या आधी मी जुना सायलेन्सर परत चढवला. नवा भंगारात टाकला. लेथवाल्यांनी विचारलं तर म्हटलं, घरच्यांना आवाज सोसला नाही.

म्हस काही त्या वाटेला येईना. मधल्या वळणावर आली की चारी पाय रोवायची. तात्या आठवडाभर हाताला पट्टी बांधून घरात बसले. टीव्हीसुद्धा लावला नाही. आई मला म्हणाली, तू काय केलंस त्यांना? मी सांगितलं नाही. तात्यांनीही सांगितलं नव्हतं. मी आठवड्याची रजा टाकली आणि रोज दिवस कलताना म्हशीला त्या वाटेनं नेलं. एका हातानं दावं, एका हातानं बंद गाडी ढकलत. मग थोडी चालू करून. मग लांब लावून, चालू ठेवून, तिला पेंड चारत. एकदा तिनं नुसता एक कान हलवला आणि खात राहिली. त्या दिवशी मला पोटभर जेवण गेलं.

पुन्हा कामावर रुजू झालो त्या दिवशी वळणं सांभाळत, पायानं चालल्याच्या गतीनं घरी येत होतो. हॉर्न दिला नाही. मधल्या वळणापलीकडं दोघं दिसली. दावं आता तात्यांनी गुंडाळलं नव्हतं, नुसतं मुठीत धरलं होतं. म्हशीचा डावा कान मागं वळला. तात्या तिला घेऊन उसाच्या कडेला उभे राहिले आणि मागं न बघता पट्टी बांधलेला हात वर केला. मी गाडी बंद केली आणि ढकलत त्यांच्या मागं मागं चालायला लागलो. घर आलं तेव्हा दारात आई उभी होती. तात्या तिला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले, "आज गाडीचा आवाज ब्येस हाय. लांबनंच वळखला मी."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, व्हय, तात्यांनी लांबूनच ओळखला.