आमच्या गावच्या राण्यांचा घागरा

सोनगीरच्या आमच्या शाळेत सातवीची मुलं दरवर्षी गॅदरिंगला इतिहासातलं एक नाटक करायची. लीलाधर गुरुजी ते स्वतः लिहायचे. एका वर्षी जिजाबाई, एका वर्षी झाशीची राणी, एका वर्षी गोंडांची कुठली तरी राणी. राज्य कुठलंही असो, राणी आली की अंगात तोच लाल घागरा, तीच गोट्याची, सोनेरी किनारीची ओढणी, कपाळावर तोच सोन्याच्या पाण्याचा गोल दागिना, बोर. आमच्या पोरांना कोणी विचारलं असतं, तर त्यांनी सांगितलं असतं की बठ्ठ्या म्हणजे सगळ्याच राण्या मारवाडी होत्या.

घागरा सुगनबाई काकींचा. काकी जाऊन आता खूप वर्षं झाली. त्यांचं घर आमच्या घराला लागून. पुढे त्यांचे दीर भिकमचंदशेठ यांचं किराणा दुकान, मागे घर. काकी तेराव्या वर्षी मारवाडातून लग्न होऊन सोनगीरला आल्या आणि पुढच्याच वर्षी नवरा हस्तीमल तापाने गेला. तेव्हापासून पांढरं. घागरा पत्र्याच्या पेटीत गेला.

ऐंशी साली गुरुजी दुकानात मुकुटाला सोनेरी कागद घ्यायला आले आणि राणीला नेसायला काही नाही म्हणून कुरकुरत बसले. आतल्या दारातून काकी इथल्या अहिराणीत म्हणाल्या, "मनाकडे शे." तिथून सुरुवात. सातवीच्या पोरीला तो घागरा नेमका यायचा, एक टाका घालावा लागायचा नाही. कसा काय इतका नेमका येतो, हे मला बऱ्याच उशिरा सुचलं. काकींच्या अंगाला तो ज्या वयात शिवला होता, त्याच वयाच्या या पोरी.

गॅदरिंगच्या दिवशी राणी झालेल्या पोरीला तिची आई काकींच्या अंगणात आणायची. काकी पायरीवर हात मांडीत धरून बसायच्या आणि लांबूनच सांगायच्या, "ओढणी डाव्या खांद्यावरतून घे. अशी नही माय. तुना हात शे का उलथनं?" पोरीला हात मात्र लावायच्या नाहीत. हात लावू नका असं कोणी म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळच त्यांनी येऊ दिली नाही. शेवटी पोरीला एक गिरकी घ्यायला लावायच्या, घेर पुरता फुलला की म्हणायच्या, "जाय राणी, राज्य कर."

नाटक बघायला त्या कधी आल्या नाहीत. त्यांच्या घरात विधवेने असल्या गर्दीत जायची रीत नव्हती. घागरा रंगमंचावर कसा दिसतो, हे त्या मला विचारून घ्यायच्या. दिव्यात चमकतो का, मागच्या माणसाला गोटा दिसतो का, एवढंच.

सत्याऐंशी साली माझी पोरगी वैजयंता सातवीत होती आणि नाटक होतं अहिल्याबाईंचं. ते धुळ्याच्या स्पर्धेत जाणार होतं. मला अक्षरं जुळवत वाचावं लागतं, तरी चुलीपुढे बसून मी तिची भाषणं तिच्याकडून पाठ करून घेतली. मग एक दिवस गुरुजी आले.

"वहिनी, पहिले दोन प्रवेश घागऱ्यात. मग पती लढाईत पडतात. पुढचे दोन पांढऱ्या साडीत."

मी म्हटलं, "गुरुजी, पोरगी कुमारी आहे. तिच्या अंगाला मी पांढरं लावू देणार नाही."

"अहो, नाटक आहे."

"मग तुमच्या पोरीला नेसवा."

गुरुजींना तिन्ही मुलगे. ते उठले. आणखी दोघींच्या घरी जाऊन आले, राणी बदलायची तयारी दाखवली. त्या आयांनी दारातूनच परत पाठवलं. मग मला घेऊन ते काकींकडे गेले. साडी त्यांच्याकडे मिळेल आणि त्यांच्या शब्दाने मीही ऐकेन, असा त्यांचा हिशेब.

काकी तांदूळ निवडत होत्या. त्यांच्यासमोर मी तेच बोलले, जास्तच वाईट बोलले. "तसलं लुगडं एकदा अंगाला लागलं, तर जन्मभर माझ्या मनातून जायचं नाही." बोलून गेले आणि माझी नजर काकींच्या पदरावर पडली.

काकींनी ताट खाली ठेवलं नाही. "वैजयंतानी माय बरोबर सांगस," त्या म्हणाल्या. "पांढरं मी बी देसू नही. लालच राहू द्या. शेवटपर्यंत."

"काकी, इतिहासात तसं नाही."

"ती राणी व्हती ना?"

"होती."

"न्याय करे, फौज धाडे?"

"हो."

"मंग तिले पांढरं नेस, असं सांगनारं कोण व्हतं?"

"कोणी सांगितलं नाही काकी. त्यांनी आपणहून नेसलं."

काकी हसल्या. "गुरुजी, तुम्हले तिन्ही पोऱ्या शेतस, म्हनीसन तुम्हले असं वाटस."

स्पर्धेला आठ दिवस उरले होते. गुरुजी कबूल झाले, पण म्हणाले, "मग तुम्हीही धुळ्याला चला. सात वर्षं घागरा देताय, एकदा डोळ्यांनी बघा."

काकी तांदूळ निवडत राहिल्या. त्या दिवसापासून मात्र त्यांच्या बोलण्यात दुसरा विषय राहिला नाही. भिकमचंद हो म्हणेल का, एस.टी. किती वाजता आहे, हॉलमध्ये बाया कुठे बसतात. धुळ्याच्या जैन स्थानकात साध्वी उतरल्या होत्या, तेवढं निमित्त सापडलं. भिकमचंदशेठ वहीतून मान वर न करता म्हणाले, "दर्शन करून या भाभी. रस्त्यात आणखी काही दिसलं तर दिसलं."

धुळ्याला हॉलच्या मागच्या खोलीत मी वैजयंताला घागरा घातला. ओढणी हातात घेतली, तेवढ्यात काकींनी ती माझ्याकडून काढून घेतली आणि स्वतः लावली. पोरीच्या कपाळावर बोर बसवला, केस सारखे केले. आमच्या गावचं तिथे कोणी नव्हतं. मी बाजूला सरकले.

पहिले दोन प्रवेश छान झाले. काकी माझ्या शेजारी खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या, पाय जमिनीला टेकवून, आता उठायचंय अशा. दिव्यात गोटा चमकला की माझ्या दंडाला बोट लावायच्या.

दुसऱ्या प्रवेशाच्या शेवटी निरोप आला, राणीचे पती गेले. पडदा पडला, उघडला, आणि वैजयंता त्याच लाल घागऱ्यात न्याय करायला बसली.

मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, नवरा मेला अन् ही लग्नाला निघाली."

हॉल हसला. परीक्षकही हसले. वैजयंता भाषण विसरली. गुरुजी आतून सांगत होते, ते पहिल्या रांगेपर्यंत ऐकू येत होतं. काकींनी पदर पुढे ओढला. माझं लक्ष पोरीकडे होतं. काकींकडे बघावं असं मला सुचलं नाही.

नंतर चष्मेवाले एक परीक्षक माइकवर म्हणाले, "मुलं गुणी आहेत. पण विधवा राणीला नव्या नवरीचा साज? लेखकाने आधी इतिहास वाचावा." गुरुजींनी मान खाली घातली. कोणाचं नाव त्यांनी घेतलं नाही.

परत येताना एस.टी.त आम्ही तिघी एका बाकावर. वैजयंता खिडकीशी रडत होती. काकींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला. "हात लावू नका. तुमच्यामुळे हसले सगळे."

मी पोरीला तिथेच रागवायला हवं होतं. पांढरं नको म्हणणारी पहिली मीच होते, हेही सांगायला हवं होतं. मी तिकिटाची घडी करत बसले.

काकींनी हात उचलून मांडीत घेतला. देवभानं गाव मागे गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "माले वाटनं, राणीले तरी कोनी हसाव नही."

पुढच्या वर्षी गुरुजी घागरा मागायला गेले. काकी म्हणाल्या, "उंदरे खाई गयात." पत्र्याच्या पेटीत उंदीर शिरत नाहीत, हे गुरुजींनाही कळत होतं. ते चहा पिऊन परत आले.

त्या जानेवारीत नळावर काकींनी मला विचारलं, "यंदा राणी कोण शे?"

"यंदा राणी नाही काकी. गुरुजींनी सगळं राजाचंच लिहिलंय."

"बरं करं," त्या म्हणाल्या. कळशी भरून वाहत होती. त्यांनी ती उचलली आणि घराकडे गेल्या.