पेप्टोन कशाचं?

कंग्राळीहून अण्णांच्या सुनेचा फोन आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं काय निघालं असेल? "कोण अण्णा?" बावीस वर्षं ज्यांच्या हातच्या प्लेटांवर मी प्राध्यापकी केली, ते यल्लाप्पा अण्णा गेले होते. महिना झाला, पण माझे ते दोन शब्द अजून घशाखाली उतरत नाहीत.

बेळगावच्या आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस होते. जीवाणू वाढवायचे तर त्यांना प्रथिनांपासून केलेलं खाद्य लागतं, पेप्टोन. पिवळसर भुकटी, शिजताना उग्र वास सुटणारी. ती पाण्यात विरघळवून, शिजवून काचेच्या प्लेटांत ओतणं हे अण्णांचं काम, आणि त्यांच्या हातून कधी गुठळी झाली नाही. अण्णा माळकरी, मांसमच्छीला शिवत नसत. पहिल्याच दिवशी त्यांनी पेप्टोनचा डबा अंगापासून लांब धरून विचारलं, "मॅडम, ह्ये कशापास्नं करत्यात वो?" आमच्याकडचं मांसापासूनच केलेलं होतं. पण नवा माणूस पळाला तर प्रॅक्टिकल कोण उरकणार? "सोयाबीनपासून," मी म्हटलं. सोयाबीनचंही मिळतं, तेव्हा हे काही अगदीच खोटं नाही, अशी माझी मीच समजूत घातली.

त्यांच्या निवृत्तीच्या जेवणात वाढप्यानं मटणाचा डाव भाजीत घातला. अण्णांनी भाजी परत करून दुसरा डाव मागितला. माझ्या जिभेला हाड नाही... "डाव कसला बदलताय अण्णा, बावीस वर्षं मांसाचंच सत्त्व ढवळलंत की!" सगळे खो खो हसले. अण्णांनी ताट खाली ठेवलं. "व्हय, मॅडम?" मी हसतच मान हलवली.

त्याच आठवड्यात ते अनगोळला माझ्या घरी आले. गळ्यात माळ नव्हती, चहाही घेतला नाही. "मला वासावरनं कळाय पायजे हुतं का, ह्येच मनात येतंय बगा. पयल्या दिशी मी इचारलतो, व्हय न्हवं? आमच्या भजनात येऊन तेवढंच सांगा." देवळात, गावासमोर खोटं कबूल करायचं? मी तर विज्ञानाची बाई! "मला काही आठवत नाही, अण्णा," मी म्हटलं, आणि वर अंधश्रद्धेवर चार शब्द ऐकवले. आठवत होतं, लख्ख आठवत होतं. ते "बरं" म्हणाले आणि चप्पल घालून निघून गेले.

परवा मी कंग्राळीला गेले. भजनाची वेळ होती, अण्णांच्या बायकोनं, आक्कांनी, देवळात नेलं. तिथं कळलं, अण्णांना भजनातून कुणी बाहेर काढलंच नव्हतं. उलट नवी माळ आणून ठेवली होती. तेच आत येईनात... तीन वर्षं पायरीवर पोतं टाकून टाळ वाजवायचे. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "अण्णांनी विचारलं होतं. मी खोटं बोलले." कुणी रागावलं नाही. आक्का तेवढ्या म्हणाल्या, "आमास्नी म्हाईतच हुतं की वो. त्येनास्नी तुमच्या तोंडनं ऐकायचं हुतं."

भजन सुरू झालं. आत या, असं सगळे म्हणाले. मी पायरीवरच बसले, त्यांच्या पोत्याच्या बाजूला, नुसत्या फरशीवर.