वाटेवरचे काटे

नव्वदच्या दशकात दर रविवारी सकाळी मी गंगापूरच्या बाजूला गोदावरीच्या काठाने फिरायला जात असे. अर्ध्या तासाची सपाट पायवाट, पण जाड तळाचे बूट घालून माझा थाट गड चढायला निघाल्याचा. समोरून एक बाई यायची, डोक्यावर झेंडूची पाटी घेऊन पंचवटीच्या बाजाराला निघालेली. कुंपणातली बाभळीची काटकी वाटेत पडलेली दिसली की ती थांबायची. पाटीमुळे वाकता येत नसे, म्हणून एक चप्पल काढायची, पायाच्या बोटांत काटकी धरून अलगद बाजूला टाकायची आणि चप्पल पुन्हा चढवायची. पाटीतलं फूलसुद्धा हलत नसे.

एकदा मी म्हणालो, "मावशी, पायात चप्पल आहे की! जायचं ओलांडून."

"मला नाय टोचत, भाऊ. पन मागून अनवानी मान्सं येत्यात ना."

पुढच्या रविवारी मी लवकर निघालो आणि वाकून वाकून सगळी वाट साफ केली, मग परत येऊन वाटेच्या तोंडाशी थांबलो. ती आली, खाली बघतच.

"आज येक काटा नाय," ती खुशीत म्हणाली. "अनवानी चाललेलं कुनी मानूस पुढं गेलेलं दिसतंय."

मी माझे बूट घातलेले पाय हळूच गवतात सरकवले.