मिलकाआजी आणि दह्यातलं मटण

मिलकाआजी गेल्या त्याला आता पाच आठवडे झाले. त्या सकाळी मी नळाला हंडा लावून उभी होते, तेवढ्यात एस्तेर तिच्या दारात आली आणि नुसती उभी राहिली. एस्तेर म्हणजे आजींची सून. पाण्याच्या वेळी आमच्या सगळ्या लाइनीत पहिला आवाज तिचा. त्या दिवशी ती काहीच बोलली नाही, तेव्हाच मला कळलं. हंडा भरून वाहत होता, तो तसाच वाहू दिला... आत जाऊन पाहिलं तर आजी उशीवर मान जराशी वळवून पडल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी. चहा मागितला आणि तो येईपर्यंत गेल्या. कळ नाही, हाल नाहीत. मला रडू आलं, खूप आलं, पण रडता रडता आतून हायसंही वाटत होतं. आजी सुखाने सुटल्या, एवढंच त्याचं कारण नव्हतं. ते कारण सांगायचं तर अठरा वर्षांपूर्वीच्या एका पातेल्याबद्दल सांगावं लागेल.

चीनची लढाई झाली त्याच्या आगेमागेच मी लग्न होऊन निघोज्याहून पिंपरीला, कंपनीच्या क्वार्टर्समध्ये आले. आमच्या दोन खोल्या आणि आजींच्या दोन खोल्या, मध्ये एकच भिंत. आजी नऊवारी नेसायच्या, बोलायच्या कोकणातल्या बाईसारख्या, पण त्यांच्या चौकटीवर एक तिरपी नळी ठोकलेली होती आणि येता-जाता त्या तिला हात लावून बोटांचा मुका घ्यायच्या. मी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "आजी, तुमी ख्रिस्ती हाय का?" आजी म्हणाल्या, "नाही गो. आम्ही बेने इस्राएल. ज्यू म्हणतात ते." मला तेही कळलं नाही. मग त्यांनी पेणजवळच्या त्यांच्या गावाची हकिगत सांगितली. त्यांच्या वडिलांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी बैल सोडून ठेवायचे, घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. मला हे पटलं. आमच्याकडे सोमवारी औत धरत नाहीत, तसंच काहीतरी, अशी मी माझी समजूत करून घेतली. त्या वयात माझं सगळं ज्ञान असंच असायचं.

दुसऱ्या वर्षी पावसाळा सरता सरता आजी तापाने पडल्या. एस्तेर पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली. आजींचा मुलगा सालोमनभाऊ पुण्याहून त्यांच्याच माणसाने कापलेलं मटण घेऊन आला, कारण दुसऱ्याने कापलेलं त्यांना चालत नाही, आणि कामावर गेला. आजींनी मला भिंतीवर थाप मारून बोलावलं. म्हणाल्या, "एवढा रस्सा करून देशील? माझ्याच पातेल्यात कर हो." मला कोण अभिमान वाटला. निघोज्याला माझी आई मटणाला घट्ट दही लावून ठेवायची, त्याशिवाय ते शिजतच नाही अशी आमची खात्री. मी घरून वाटीभर दही आणलं, आजींच्या तांब्याच्या पातेल्यात मटणाला चोळलं आणि झकास रस्सा केला. तीनच्या सुमाराला त्यांच्यापुढे ताट ठेवून, पातेलंही जवळ ठेवून मी दळण आणायला गेले. परत येते तर ताट साफ, पातेलं साफ. "आजी, जेवला?" "जेवले. फार छान केलं होतंस." तापाने पडलेली, साठी उलटलेली बाई अर्धा किलो मटण कशी संपवेल, हा विचार माझ्या डोक्याला शिवला नाही. उलट मी आठवडाभर नळावर सांगत होते, की माझ्या हातच्या रश्श्याने आजींचा ताप पळाला.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी आजींचं दार बंद. सकाळी बंद, दुपारी बंद. मी कडी वाजवली, हाका मारल्या. आत पांढरं लुगडं हललेलं खिडकीच्या फटीतून दिसलं, पण उत्तर नाही. माझं काय चुकलं असेल या विचाराने मी दिवसभर बेचैन. दुसऱ्या दिवशी दार उघडलं आणि आजी हसत बाहेर आल्या. म्हणाल्या, "काल आमचा दारफाळणीचा सण. दार लावून, उपास करून वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. पुण्यात सगळे प्रार्थनेला जातात, मला तेवढी ताकद नव्हती. माझी आई करायची तसं घरातच केलं. त्या दिवशी बाहेरच्याशी बोलत नाहीत." मी निश्चिंत झाले.

पण ते वर्षभरच टिकलं. पुढच्या वर्षी त्यांच्या नवीन वर्षाला त्यांनी मला चिकाचा हलवा ढवळायला बसवलं. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, त्याचा चीक काढायचा आणि नारळाच्या दुधात तासन्‌तास ढवळायचा. हात भरून आले की बाई बदलायची. मी कंटाळून म्हटलं, "आजी, एवढे नारळ कशाला? गाईचं दूध घातलं तर न्हाई चालत?" आजी हलव्याकडे बघत म्हणाल्या, "आज जेवणात मटण आहे ना. मांसाबरोबर दूध-दही आमच्यात वर्ज्य. पोटातही एकत्र होऊ द्यायचं नाही." मी ढवळायची थांबले. "ढवळ गो, लागेल खाली," त्या म्हणाल्या. मी ढवळत राहिले. त्या क्षणी मला वाटीभर दही आठवलं, साफ झालेलं पातेलं आठवलं, आणि बंद दारही आठवलं. म्हणजे मी त्या बाईला बाटवलं होतं आणि तिने दिवसभर उपाशी बसून माझ्या पापाची माफी मागितली होती.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. आजींना सांगावं असं शंभरदा वाटलं, पण त्यांना जर कळलंच नसेल, तर आता सांगून त्यांच्या जिवाला घोर कशाला लावा? आणि कळलं असेल, तर त्या एवढ्या मायेने वागतात कशा? हे दोन्ही प्रश्न मी सतरा वर्षं घोळवले. बाकी आमचं सगळं छान चाललं होतं. सांबाऱ्यात, म्हणजे त्यांच्या रश्श्यात, चिंच कधी आणि कोकम कधी, हे त्यांनी शिकवलं. त्यांची धाकटी बहीण इस्राएलला गेली, तिला त्या दर उन्हाळ्यात कोकम पाठवायच्या आणि पार्सल शिवायचं काम माझं. आमच्या ह्यांचा ओव्हरटाइम सुरू झाला की आजी बजावायच्या, "घरातली तक्रार जेवणाआधी सांगू नको. जेवल्यावर तुलाच ती आठवायची नाही." सासूबाई निघोज्याहून आल्या की दोघी म्हाताऱ्या ओट्यावर बसून आपापल्या सुनांची उणीदुणी काढायच्या, एस्तेरला आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात. पण दरवर्षी आजींचं दार बंद झालं, की त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.

औंदा दारफाळणीच्या आदल्या आठवड्यात मी त्यांच्याजवळ बसले होते. त्या अंथरुणालाच खिळल्या होत्या. एस्तेर रेशनला गेली होती. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर राहूनच जाईल. मी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. दही, पातेलं, सगळं. आजी म्हणाल्या, "मी कुठे खाल्लं गो?"

मी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

"झाकण काढलं आणि दह्याचा वास आला. काय करणार? तेवढ्यात तुझा मारुती शिफ्ट सुटून चालला होता. खिडकीतून हाक मारली. म्हटलं, बाबा, एवढं संपव आणि बायकोला बोलू नको. तो जेवला पोटभर. पातेलं आगीवर लाल करून कल्हई करून घेतली." धाप टाकून त्या पुढे म्हणाल्या, "पण तुला खोटं सांगितलं ना, जेवले म्हणून. देवाशी चुकलेलं देव माफ करतो. माणसाशी चुकलेलं त्या माणसानेच माफ करावं लागतं, असं आमच्यात आहे. दरवर्षी म्हणायचे, या वर्षी सुमनला सांगेन. पण तू नळावर एवढ्या कौतुकाने सांगत होतीस... धीर नाही झाला. आता कर माफ."

मी म्हटलं, "केलं, आजी." आणि मग मला त्यांचा असा राग आला, की इतकी वर्षं ही बाई आणि मी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना एकाच मटणासाठी झुरत होतो. पण तो राग पाच मिनिटंही टिकला नाही. घरी येऊन ह्यांना विचारलं. पेपरातून डोकं न काढता हे म्हणाले, "व्हय. त्या दिवशी दही जरा जास्तच पडलं होतं."

आजी गेल्या त्या दिवशी पुण्याहून त्यांच्या बायका आल्या, त्यांनी आंघोळ घातली आणि दुपारी दफन झालं. त्यांच्यात दफनाहून परतल्यावर घरच्यांनी पहिलं अन्न आपलं खायचं नसतं, दुसऱ्या घरून आलेलं खायचं. पुण्याच्या बायका डबे घेऊनच आल्या होत्या. पण एस्तेर तांब्याचं पातेलं घेऊन माझ्या दारात आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "आईंनी सांगून ठेवलंय, पहिला घास सुमनकडचा. मसूर आणि उकडलेली अंडी, आमच्याच भांड्यात." मी पातेलं घ्यायला हात पुढे केला. एस्तेर ते सोडेना. ती म्हणाली, "अजून एक सांगितलंय. म्हणाल्या, तिला म्हणावं, तुझ्या आईची रीत असली तर तीही घाल, आज मटण नाहीये."

मी मसुरात दोन चमचे दही घातलं आणि पातेलं नेऊन दिलं. मग घरी येऊन भिंतीला पाठ लावून बसले. पलीकडे वाढल्याचा आवाज येत होता, आणि सालोमनभाऊ आणखी मागत होता.