झोपलेला कान

कान दुखला की घालतात त्या लसणाच्या तेलाचा वास आला, की मला ब्राह्मणपुरीच्या अंगणवाडीतली एक सकाळ आठवते. माझी मुलगी तेव्हा साडेतीन वर्षांची होती. घरात चार म्हणतात, ते चूक आहे. हाक मारली तर ती कधी ओ द्यायची, कधी नाही. माझी आई म्हणायची, “हट्टी शे, बापवर गयेल शे.” मला मात्र तिला ऐकूच येत नसेल अशी धास्ती होती. त्या दिवशी मी तिला सोडून दारातच थांबलो. खेळ असा होता, की ताई कानात हळूच एक शब्द सांगणार आणि मुलाने त्याच अक्षराने सुरू होणारा दुसरा शब्द मोठ्याने सांगायचा. ताई तिच्या डाव्या कानाशी वाकल्या. ती लगेच “मासा” म्हणाली, तेव्हा मला हायसं वाटलं. मग ताई उजव्या कानाशी वाकल्या. ती गप्प. पुन्हा सांगितलं, तरी गप्पच. मुलं हसू लागली. “काय वं माय, झोपी गयी का?” ताईंनी विचारलं. “मी नई, तो कान झोपेल शे,” ती सहज म्हणाली आणि मान वळवून तिने डावा कान पुढे केला. आता ती लोणखेड्याला कॉलेजात शिकते. तिच्याशी बोलायचं असलं, की मी अजून आधी तिच्या डाव्या बाजूला जातो.